बाटलीवरच्या पेन्सिलच्या रेघा

बाटली मला तांदळाच्या डब्यामागे सापडली. आत हिरवट पाणी. झाकण उघडलं तर पेपरमिंटचा असा भपकारा आला की डोळे चुरचुरले. नाहूरच्या आमच्या दीड खोलीत तोवर दातांना काळी दंतपावडर आणि घसा धरला तर मिठाचं पाणी, एवढाच कारभार होता. माउथवॉश हा शब्द मी त्या बाटलीवरच पहिल्यांदा वाचला. ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षं. बायको नुकतीच अंधेरीच्या एका कारखान्यात रेडिओचे भाग जोडायच्या कामाला लागली होती.

मी तिला विचारलं नाही. बाटली होती तशी ठेवली आणि लेबलाच्या कडेला, पाण्याच्या पातळीशी, पेन्सिलने बारीक रेघ मारली.

कामाच्या दिवशी पाणी रेघेखाली गेलेलं असायचं. मी नवी रेघ मारायचो. रविवारी ती दिवसभर घरात असायची, तेव्हा पातळी हलायची नाही. माझ्या डोक्याने त्याचा एकच अर्थ लावला. अंधेरीहून कुणाचा तरी वास तोंडात घेऊन ती येते आणि मी यायच्या आत धुऊन टाकते.

झाकणावर मुलुंडच्या एका केमिस्टची चिठ्ठी चिकटवलेली होती. शनिवारी तिथे गेलो. म्हटलं, आमच्या मिसेस नाहूरहून येऊन नेतात ते हिरवं औषध द्या.

"ते होय," तो म्हणाला. "साहेब, आधी सांगा, वास घालवायचाय की तोंडात काही झालंय? हे वासाला बरं, पण झोंबतं. हिरड्यांसाठी वेगळं येतं, ते फार दिवस वापरलं तर दातांवर डाग पडतात. आणि फोड असेल तर यातलं काहीच नको, कोमट मिठाचं पाणी घ्या आणि डॉक्टरला दाखवा. ताईंना पण हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, झोंबू दे, वास राहता कामा नये."

एवढ्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य तेवढं मी घरी आणलं.

मग ती जेवताना सुकटीची चटणी बाजूला सारायला लागली. भाकरी दुधात कुस्करून खायची.

"काय गं, बाहेरून पोट भरून येतेस काय?"

"तोंड आलंय."

"तोंड आलंय, आणि एवढं घमघमतंय कुणासाठी?"

"तुमच्यासाठीच," ती म्हणाली आणि ताट उचलून मोरीकडे गेली.

मला ते उत्तर उर्मट वाटलं.

पुढे दूधभाकरीही गिळवेना, तेव्हा तिनेच दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं. तिला एकटीला सोडायला मी तयार नव्हतो. मुलुंडच्या त्या दवाखान्यात मीही आत जाऊन बसलो. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून गालाची आतली बाजू पाहिली. तिथे पांढरा चट्टा होता.

"तंबाखू, मिशरी, काही लावता?"

"नाही." हे ती माझ्याकडे बघून म्हणाली.

बाईंनीही माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"माझ्यासमोर बोलू दे की. नवरा आहे मी."

"म्हणूनच बाहेर बसा."

मधे नुसता पडदा होता. "लावते," ती म्हणाली. "माहेरापासून. लग्नानंतरही चोरून, कधीमधी. बघायला आले तेव्हाच यांनी विचारलं होतं, मी नाही म्हटलं. कंपनीत एका बाईकडे डबी असते. दुपारी डबा खाल्ला की तिच्यातली लावते. घरी यांना वास येईल म्हणून ते औषध."

भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड माझी आई दिवसातून चारदा दातांना लावायची. तिचे काळे दात शाळेत कुणी पाहू नयेत म्हणून मी तिला फाटकाबाहेरच थांबवायचो. मुलगी बघायला गेलो तेव्हा मी शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही. मिशरी लावतेस का, एवढंच विचारलं होतं.

बाईंनी चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला. पुढे त्यात वाईट काही निघालं नाही, पण आधी यायला हवं होतं, असं त्या मला बोलल्या. मिशरी बंद आणि ते झोंबणारं पाणीही बंद.

घरी चालत येताना ती म्हणाली, "चुकलं माझं. एवढी वर्षं फसवलं तुम्हाला."

"असू दे," मी म्हणालो. "पुन्हा नको."

मी तिला माफ केलं. ती माफी तिने इतकी मनापासून घेतली की माझं बोलायचं तोंडातच राहिलं. मला मिशरीचा राग आला होता असंच तिला वाटलं. अजूनही तिला तसंच वाटतं.

घरी आल्यावर तिने उरलेलं औषध मोरीत ओतलं. बाटली तेलाला होईल म्हणून विसळायला घेतली आणि लेबलावर तिचा अंगठा थांबला. एकाखाली एक रेघा होत्या.

"या कसल्या हो?"

"दुकानदाराने मारल्या असतील."

ती थोडा वेळ बाटली उजेडात धरून बघत राहिली. मग तिने स्टोव्ह पेटवला आणि भांड्यात मीठ टाकून पाणी ठेवलं.