उरान म्हणजे उरण नव्हे

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटतेय.

पनवेलच्या एका हॉस्पिटलात मी पेशंटच्या लक्षणांचे कोड कॉम्प्युटरवर भरते. सकाळी एक कोळी मावशी आल्या.

"कुठून आलात? काय होतंय?"

"उरान दुखतं, पोटान जलतं."

मी पत्त्यात 'उरण' टाकलं, अ‍ॅसिडिटीचा कोड दिला आणि त्यांना रांगेत बसवलं.

थोड्या वेळात त्यांना दरदरून घाम फुटला. डॉक्टर माझ्यावर ओरडले, "छातीत दुखतंय हे का नाही टाकलं?"

आयसीयूत नेताना मावशींनी विचारलं, "बाय, तुला नाय कललं?"

उरान म्हणजे छातीत. पळस्प्याला घरी माझी आई असंच बोलते. चारचौघांत मीच तिला दटावते, "नीट बोल गं!"

आता घरी जाऊन तिच्याशी कुठल्या तोंडाने बोलू?