निळा झाला की फवारा

जगातला कुठलाही पातळ पदार्थ आमच्या थोरल्या साडूंनी कागद बुडवल्याशिवाय जवळ केला नाही. न तपासता त्यांनी घरात घेतलेली एकच वस्तू म्हणजे मी, त्यांच्या धाकट्या मेहुणीचा नवरा. आणि त्यांचं जे वाटोळं झालं ते नेमकं त्या एका गाफीलपणामुळे झालं.

साडू पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे एका खेड्यात द्राक्षं पिकवायचे. तरुणपणी नाशिकच्या कॉलेजात इंटर सायन्सला दोनदा आपटले आणि विज्ञानातलं जे एकमेव सत्य पटलं होतं तेवढं खिशात घालून गावी परतले. ते सत्य म्हणजे लिटमस कागदाची चिमुकली पुस्तिका. आंबट पदार्थात निळी पट्टी लाल होते, चुन्या-सोड्याच्या पाण्यात लाल पट्टी निळी होते. बस, एवढंच. पण एवढ्यावर त्यांनी तीस वर्षं संसार केला. पुस्तिका संपत आली की नाशिकला येऊन नवी घेऊन जायचे, लोक चष्मा बदलतात तसे. सकाळचा चहा, दुपारचं ताक, विहिरीचं पाणी, स्टँडवरचा गोटी सोडा, सगळ्यांना आधी कागद लागायचा आणि मग ओठ. एका लग्नात त्यांनी कढीच्या पातेल्यात पट्टी बुडवून आचाऱ्याला "एक नंबर आम्ल, वाढा आता" असं प्रशस्तिपत्र दिलं. आचारी पळी उगारून अंगावर आला. सत्यनारायणाच्या तीर्थात बुडवली तेव्हा भटजींनी डोळे घट्ट मिटून घेतले, ती साडूंना भक्ती वाटली. अक्का, म्हणजे त्यांची बायको, एकदा कावून रडायलाच लागली. "माझ्या हातची चव बघायला ह्या माणसाला कागद लागतो!" साडू पुढे झाले, तिच्या गालावर पट्टी टेकवली, उजेडाकडे धरून बराच वेळ निरखली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "किंचित निळसर. खरं रडती." अक्काला रडता रडता हसू फुटलं आणि ते भांडण तिथंच मिटलं.

मी नाशिकला कचेरीत कारकून, त्यामुळे चेष्टा करायला भरपूर वेळ. एकदा त्यांच्या लाल पट्ट्या काढून मी त्याजागी साडीच्या खोक्यातला गुलाबी कागद कापून सरकवला. तीन दिवस साडू गावभर हिंडले. साबण, राख, खायचा सोडा, कशातच पट्टी निळी होईना. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "पाहुणं, जमिनीत काहीतरी बिघडलंय." कागदात काही बिघडलं असेल ही शंका त्यांना शिवली नाही. मी म्हणालो, "दादा, जिभेला कळतं की काय आंबट ते." तर म्हणाले, "जीभ घरची असती. ती मन राखती. कागद कोणाचं मन राखत नाय."

बागेत मात्र हे खूळ नव्हतं. द्राक्षावर केवडा, म्हणजे बुरशीचा रोग, पडू नये म्हणून मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून फवारतात. चुना कमी पडला तर ते निळं पाणी आम्ल राहतं आणि कोवळी पानं जाळून टाकतं. बाकीचे बागाईतदार पिंपात लोखंडी विळा बुडवायचे. पात्यावर मोरचुदातलं तांबं चढलं की अजून चुना घालायचे. साडू विळ्याला हसायचे. त्यांच्याकडे कागद होता, आणि त्यांची बाग गावात सगळ्यात हिरवी होती.

आणीबाणी उठल्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे गेलो. छाटणीनंतरचा फुटवा हातभर वाढला होता, इवलेसे घड दिसू लागले होते, आणि साडू दोन गोधड्यांखाली हिवतापाने थडथडत होते. त्यांनी मला खाटेजवळ बोलावून पुस्तिका हातात दिली.

"आभाळ भरलंय. आज फवारलं नाय तर केवडा येणार. पिंपात लाल पट्टी बुडवा. निळी झाली की फवारा. नाय झाली तर चुना वाढवा, परत बुडवा. डोकं वापरू नका."

"नाही वापरणार," मी म्हणालो, आणि हा शब्द मी तंतोतंत पाळला.

पिंपाशी उभं राहून मी आधी तंबाखू मळली. मोठं काम हाती घेताना मी मळायचोच. डबीतला चुना अंगठ्याने काढला, तळव्यावर घोटला, चिमूट तोंडात टाकली आणि त्याच अंगठ्याच्या चिमटीत पट्टी धरून बोटं बुडेपर्यंत पिंपात घातली. वर काढली तर निळीशार! म्हातारा सालगडी मान वाकडी करून बघत होता.

"सायेब, पिंपातला चुना फुसका वाटतो. लय दिस उघडा पडलाय. इळा बुडवून बघू का?"

"कागद असताना विळा कशाला, बाबा?" मी म्हणालो. आवाज हुबेहूब साडूंचा काढला होता.

तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. पाचव्या दिवशी घड काळे पडून हाताला लागताच गळू लागले. ताप उतरलेले साडू शाल गुंडाळून बागेत उभे राहिले. एक पान तोडून त्यांनी तळव्यावर ठेवलं.

"पट्टी निळी झालती?"

"झाली होती, दादा."

"नक्की?"

"देवाशप्पथ."

शपथ खरी होती. परतीच्या एस.टी.त सवयीने डबी काढली, चुना घेतला, आणि चुन्याने पांढरा झालेला अंगठा तसाच धरून बसलो. ह्याच अंगठ्याने पट्टी धरली होती. त्या मिनिटाला उतरावं, उलट गाडी धरावी आणि सांगून टाकावं असं मनात आलं. पण पोरं झोपलीत, बायको दमलीये, अशी कारणं मला भराभर सुचत गेली. मला कारणं फार चांगली सुचतात. डबी तेवढी खिडकीतून फेकली. तंबाखू सुटली, तोंडातून शब्द सुटला नाही.

साडूंनी पुस्तिका चुलीत घातली. पुढच्या वर्षी कागद नव्हता आणि विळ्यावर मन बसेना. बुडवायचे, बघायचे, चुना घालायचे, पुन्हा बुडवायचे, उद्या बघू म्हणायचे. त्या उद्यात केवडा आला आणि उरलंसुरलं घेऊन गेला. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी वेली उपटल्या, मांडवाच्या तारा गुंडाळल्या आणि कांदा लावला. "कांद्याला काय इचारावं लागत नाय," एवढंच म्हणाले. अक्का एकदा माझ्या बायकोपाशी बसून सांगत होती, "मुद्दाम ताक लय आंबवलं गं, तरी गुमान प्याले." मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होतो. ते उलटं धरलं होतं हे मला नंतर कळलं.

चार वर्षांनी, कांद्याच्या वाफ्यांच्या बांधावर, माझ्याने राहवेना.

"दादा, त्या दिवशी माझ्या अंगठ्याला चुना होता. तंबाखूचा."

साडू थांबले. मी मान खाली घालून थोबाडीत बसायची वाट पाहत राहिलो.

"कुठल्या अंगठ्याला?"

"उजव्या."

"पट्टी किती आत घातलती?"

"बोटं बुडेपर्यंत."

"हात्तिच्या!" साडूंचा चेहरा एकदम वीस वर्षांनी तरुण झाला. "म्हणजे कागद बरोबर होता की हो! चुना लागला, निळा झाला. त्याने दुसरं काय करायचं? आणि मी येडा चार वर्षं त्याला खोटा म्हणत बसलो!" ते मोठ्याने हसले. हसता हसता त्यांची नजर समोरच्या वाफ्यांवर गेली आणि हसू हळूहळू उतरलं.

"परत लावू या दादा बाग. मी येईन दर रविवारी."

"आता कोण मांडव घालतंय," ते म्हणाले. मग अगदी हळू, "आधी सांगायचं होतं, पाहुणं."

ते खेकसले असते तर मी सुटलो असतो. पण त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला, अंगठा उजेडाकडे फिरवून बघितला, आणि धोतराच्या सोग्याने पुसला. त्याला काही लागलेलं नव्हतं.