निशाणवाली शेवंती

अंधेरीच्या पूर्वेला टेकडी फोडून खडी काढणारी एक दगडखाण होती. सुरुंग उडण्याआधी लाल निशाण हलवत रस्ता अडवायचं काम शेवंतीचं. राजापूरकडची ही बाई. नवरा सुरुंग भरताना कडा कोसळून गाडला गेला. दगड इतके आले की तो शेवटपर्यंत हाती लागला नाही. त्यानंतर मुकादमानं तिच्या हाती निशाण दिलं. अकरा वर्षांत तिनं एका माणसाला खरचटू दिलं नाही.

छप्पन्न साली टेकडीखाली नवी घरं उठली. भिंतींना तडे जाऊ लागले, तक्रारी गेल्या, सुरुंगावर बंदी आली. नुसत्या घणानं किती खडी निघणार? एकेक कुटुंब बोरिवलीकडच्या खाणींवर गेलं. जाताना झोपडीचे पत्रेही काढून नेले. धाकटा दीर धोंडू शेवंतीला न्यायला बोरिवलीहून दोनदा आला.

"हय एकटी काय करतलंस, वयनी?"

ती चुलीला फुंकर घालत राहिली. भाऊ अजून त्या कड्याखालीच आहे, हे त्यालाही माहीत होतं.

पोटासाठी तिनं नव्या घरांपैकी एका घरात, मृणालिनीबाईंकडे, धुण्याभांड्यांचं काम धरलं. घरी परतल्यावर दिवसचे दिवस तिच्याशी कुणी बोलत नसे. एका दुपारी मृणालिनीबाई अवघडून म्हणाल्या, "शेवंतीबाई, तक्रारीचा पहिला अर्ज आमच्या ह्यांनीच लिहिला होता."

शेवंतीला ते ठाऊक होतं. "तुमची भिंत फुटत होती. तुम्ही तरी काय करणार?" ती म्हणाली.

थोड्या वेळानं बाईंनी तिच्या नवऱ्याचं नाव विचारलं. शेवंतीनं ते कधी तोंडानं घेतलं नव्हतं. खाणीत पूर्वी दहाजण त्याला हाका मारत, तेच तिला पुरे होतं. आता हाका मारणारं कुणी उरलं नव्हतं.

"सहदेव," ती हळूच म्हणाली, आणि पदर तोंडाशी धरून बराच वेळ मोरीत बसून राहिली.

पुढच्या वर्षी ट्रकांनी माती आणून खाण बुजवली. जमीन सपाट झाली. कडा कुठे होता, ते तिचं तिलाही सांगता येईना. दोन दिवस ती कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती कोरं पोस्टकार्ड घेऊन.

"धोंडूक लिवा," ती म्हणाली, "वयनी येतंय म्हणान."

मृणालिनीबाईंनी लिहिलं. शेवंतीनं ते त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं.