नामदेव मिस्त्रीचं पॉलिश

नामदेव मिस्त्री पॉलिश केलेल्या लाकडात स्वतःच्या मिशा बघायचे. केस न् केस दिसला तर काम झालं, नाहीतर चपड्याच्या पॉलिशचा बोळा पुन्हा हातात. वारंगा फाट्यावरच्या माझ्या फर्निचरच्या दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं असलं तरी म्हणायचे, "थांबा मालक. लाकूड अजून माझ्याकडं पाहून नाही राहिलं."

सन दोन हजारच्या आसपास मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं समुद्रकाठच्या हॉटेलासाठी मोठी ऑर्डर दिली. सामान नवं, पण खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेलं दिसायला हवं. सागवानावर सायकलची चेन मारायची, तारेच्या ब्रशानं खरवडायचं, पांढरा रंग देऊन तो जागोजागी घासून काढायचा.

"काहून मारायचं? त्यानं काय गुन्हा केला?" मिस्त्रींनी विचारलं.

"गिऱ्हाईक सांगेल तसं करा, अक्कल पाजळू नका," मी म्हणालो. आम्हा दोघांनीही समुद्र पाहिला नव्हता. पण मालक मी होतो.

त्याच दिवसांत, काम सुटल्यावर दुकानातच बसून, मिस्त्रींनी स्वतः घेतलेल्या लाकडाचं, आरशासारख्या पॉलिशचं एक कपाट लेकीसाठी केलं होतं. सुनीताचं लग्न आठवड्यावर आलेलं. रुखवतात ते मधोमध ठेवणार, हे हट्टा गावच्या व्याह्यांना ते दहादा सांगून आले होते.

ट्रक आला आणि मोजताना एक कपाट कमी भरलं. मी सुनीताच्या कपाटाकडं बोट केलं.

"मालक, ते लेकीचं हाय."

"लेकीला दुसरं करा. नसेल जमत तर उद्यापासून येऊ नका."

 मिस्त्रींनी स्वतःच चेन उचलली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पहिला फटका दारावर बसला. मी ट्रकवाल्याला चहा पाजत होतो.

लग्नाला मी गेलो, जेवलोही. रुखवतात मधली जागा मोकळी होती. वरमाय सगळ्यांदेखत म्हणाली, "काय व्हो इवाई, आरशावाणी कपाट देणार व्हते नं? आरसा फुटला का?" मिस्त्री मान खाली घालून पंगतीत वाढत राहिले. सुनीता माझ्या पाया पडली.

सोमवारी ते कामावर आले. पुढं चेनीच्या कामात त्यांच्या तोडीचा माणूस जिल्ह्यात उरला नाही. कुणी वाखाणलं की म्हणायचे, "खराब करायला काय लागतं? सुरुवात घरच्यापासून करावी, मंग हात थरथरत न्हाई."

काही वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मी निर्लज्जासारखं म्हणालो, "मिस्त्री, पोरीला सुनीताचं होतं तसलंच कपाट पाहिजे." त्यांनी नाही म्हटलं नाही. चार दिवस बोळा फिरवला आणि पाचव्या दिवशी मला बोलावलं. दार धुरकट दिसत होतं.

"म्या लई केलं, मालक. आता हाताला येऊन नाही राहिलं."

खोटं बोलत नव्हते ते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आणि मला, खरं सांगतो, आधी रागच आला.