वन्संचा फुटपाथ

पायी चालणारा माणूस हा शहराचा मुख्य नागरिक असतो आणि बाकीची सगळी वाहतूक त्याच्या परवानगीने चालू असते, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती अख्ख्या ठाण्यात उरली आहे आणि ती माझी थोरली नणंद आहे. मी त्यांना वन्सं म्हणते. हल्ली असं कुणी म्हणत नाही. मी लग्न होऊन वर्तकनगरला आले तेव्हा त्यांनीच मला सांगितलं होतं की नावाने हाक मारलीस तरी चालेल, पण ते अशा आवाजात सांगितलं होतं की माझ्या तोंडून वन्संच बाहेर पडलं. त्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायच्या. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला, वीस मार्कांचा, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वाचून होणारा हा विषय. मुलांनी तो ऑप्शनला टाकला, इतर शिक्षकांनी त्या तासाला पेपर तपासले, वन्संनी मात्र तो खरा मानला. निवृत्तीनंतर शिकवणं थांबलं आणि नुसतं वागणं उरलं, त्यामुळे प्रकरण वाढलं.

उदाहरणार्थ, वन्सं फुटपाथवरून खाली उतरत नाहीत. आपण सगळे उतरतो. समोर कुंड्या आल्या, स्कूटर आली, कुणाची पाण्याची टाकी आली की आपण नकळत रस्त्यावर येतो आणि रिक्षांच्या मधून वाट काढू लागतो. वन्सं समोर जे असेल त्याच्यातून जातात. आमच्या नाक्यावरच्या फर्निचरवाल्याने मध्यंतरी एक लांबलचक सोफा फुटपाथवर मांडला होता. बाजूने जायला जागा नव्हती. वन्सं आल्या, सोफ्यापाशी थांबल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन त्यावर बसल्या. दुकानदार लगबगीने बाहेर आला आणि कापडाचे गुण सांगू लागला. त्याचं सगळं ऐकून घेऊन वन्संनी त्याचे आभार मानले. चालणाऱ्या माणसाला मध्येच टेकावंसं वाटतं हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, ते तुमच्या आलं, असं त्याला म्हणाल्या. मग त्या रोज बसू लागल्या. बाजारातून येणाऱ्या ओळखीच्या बायकांनाही बसवून घेऊ लागल्या. एकदा तर तिथे मेथी निवडून झाली. दुकानदार भला माणूस, त्याने चहा पाठवायला सुरुवात केली, पण गिऱ्हाइकं यायची, सोफा वापरलेला दिसतोय म्हणायची आणि पुढे जायची. शेवटी सोफा आत गेला. वन्सं हळहळल्या. "बरी सोय होती गं," मला म्हणाल्या. यात उपरोध होता की नाही हे मला आजतागायत कळलेलं नाही.

फुटपाथवर चढवलेल्या गाड्यांशीही त्यांचं वागणं असंच. त्या भांडत नाहीत, काचेवर काही चिकटवत नाहीत. गाडीशेजारी उभ्या राहतात. मालक आला की त्याला काळजीने विचारतात की फार लागलं तर नाही ना. त्यांच्या हिशेबाने शहाणा माणूस गाडी आपणहून फुटपाथवर नेणार नाही, म्हणजे ती ब्रेक न लागल्यामुळेच चढली असणार. भलेभले लोक या प्रश्नाला उत्तर देताना अडखळतात. एका गृहस्थांनी तर खरोखरच ब्रेक तपासून घेतले.

माझा नवरा हा वन्संचा धाकटा भाऊ. आमच्या घरापासून त्यांचं घर चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे तिथे स्कूटरवरून जाणं वन्संच्या लेखी अपराध आहे. नवरा स्कूटर अलीकडच्या गल्लीत लावतो, हेल्मेट कापडी पिशवीत घालतो आणि घाम पुसत आत शिरतो. एकदा वन्संनी त्या पिशवीकडे बघून कलिंगड आणलंस का म्हणून विचारलं. हा हो म्हणाला. मग त्याला परत बाहेर जाऊन खरंच कलिंगड आणावं लागलं, आणि ते घेऊन वन्संच्या देखत चालत यावं लागलं.

सायकलचं तर विचारू नका. दापोलीजवळच्या आमच्या गावात त्या लहानपणी सायकल शिकल्या आणि अजून चालवतात. पुढे वेताची टोपली, मागे साडीचा पदर चाकात अडकू नये म्हणून जाळी. वळायचं असलं की पुस्तकात दाखवलेलं असतं तसा हात बाजूला ताठ करतात. ही खूण ठाण्यात आता कुणाला कळत नाही. त्यांनी एकदा कॅडबरी जंक्शनच्या अलीकडे असा हात केला तर एक रिक्षा कचकन थांबली. "किधर जाना है, मावशी?" रिक्षावाल्याने विचारलं. वन्सं म्हणाल्या, "उजवीकडे." तो म्हणाला, "बसा." सायकलसकट कशी बसू, हे त्यांनी त्याला शांतपणे विचारलं. त्याने खाली उतरून मागची जागा नीट बघितली आणि सायकल मावणार नाही असं तितक्याच शांतपणे सांगितलं. दोघांनी एकमेकांचा निरोप घेतला.

हे सगळं मी लोकांना हसत सांगायचे. पण गेल्या वर्षी वन्संच्या यजमानांना, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, अर्धांगवायूचा झटका आला. त्यातून ते बरे झाले, बोलणं स्वच्छ झालं, हातही चालू लागला. उजवा पाय मात्र पुरता उचलत नव्हता. आप्पा मितभाषी माणूस. रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बागेत जायचं, तिथल्या बाकावर त्यांच्यासारखेच न बोलणारे मित्र असायचे, त्यांच्यासोबत बसायचं आणि घरी यायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. आजारपणानंतर ते एकदाच बागेकडे निघाले आणि आमच्या शेजारच्या सोसायटीच्या गेटासमोर पडले. लागलं फारसं नाही, पण त्यानंतर त्यांनी बाहेरच्या चपला आत ठेवून दिल्या आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसू लागले. वन्सं त्यांना गाडीतून बागेत नेऊ म्हणाल्या. वन्सं गाडीचं नाव काढतायत हे ऐकून मी चरकले. आप्पा नको म्हणाले.

त्याच सुमारास आमच्या भागात चालणं आणि सायकल चालवणं कसं सुधारावं यावर रहिवाशांच्या सूचना मागवायला एक सभा झाली. शाळेच्या हॉलमध्ये पालिकेचे एक तरुण इंजिनीअर आले होते. सूचना भव्य होत्या. घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या एका गृहस्थांना मेट्रोच्या खांबांना लटकणारा सायकलमार्ग हवा होता, वर काचेचं छप्पर घातलेला. एका बाईंनी फुटपाथवर थंड पाण्याचे फवारे सुचवले. एकांचं म्हणणं पडलं की सगळ्या फुटपाथवर पार्किंग करून टाकावं, म्हणजे रस्ता मोकळा होईल आणि मग लोकांना रस्त्यावरून निवांत चालता येईल. याला टाळ्याही पडल्या. बाळकुमहून आलेल्या एका कोळी काकांनी खाडीकडे जायची जुनी पायवाट परत मिळेल का एवढंच विचारलं, त्याला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वन्संचा नंबर आला तेव्हा मी खाली मान घालून बसले, कारण नागरिकशास्त्राचा अख्खा अभ्यासक्रम आता बाहेर पडणार याची मला खात्री होती.

वन्सं उभ्या राहिल्या. हात जमिनीपासून वीतभराहूनही कमी उंचीवर धरला आणि म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा पाय एवढा उचलतो." मग हात वर, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत नेला. "फुटपाथ एवढा आहे. मधला फरक तेवढा काढून द्या."

इंजिनीअरनी आणखी काही सूचना आहे का विचारलं. नाही, एवढंच, म्हणून वन्सं बसल्या.

इंजिनीअर खरंच जागा बघायला आले. वन्संनी त्यांना नकाशा उघडू दिला नाही. आप्पांना महत्प्रयासाने खाली आणलं होतं, त्यांचा एक हात वन्संनी धरला आणि इंजिनीअरना सांगितलं की तुम्ही नुसते ह्यांच्या दुसऱ्या बाजूने चला. मी मागून चालले. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की आमचा फुटपाथ सलग नाहीच. प्रत्येक सोसायटीचं गेट आलं की गाड्या आत जाव्यात म्हणून तो तुटतो, माणसाने खाली उतरायचं, गेट ओलांडायचं आणि पुन्हा वर चढायचं. आप्पा एक पाय उतरवायचे, दुसऱ्याची वाट बघायचे, थांबायचे. बाग समोर दिसू लागली तेव्हा आणखी एक गेट उरलं होतं. तिथे आप्पा थांबले आणि इंजिनीअरना म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा. मी इथूनच फिरतो." पाहुण्याला दारापर्यंत सोडून माणसाने परतावं तसं ते म्हणाले. इंजिनीअर पुढे गेले नाहीत. त्यांनी आप्पांचा दुसरा हात धरला आणि घरापर्यंत सोडायला आले.

उपाय त्यांनी काढला तो साधा होता. फुटपाथ उंचीला कमी करायचा आणि गेटांसमोरूनही तसाच सलग न्यायचा. माणसाने सरळ चालायचं, आत जाणाऱ्या गाडीने जरासा चढ चढायचा. बागेच्या वाटेवर आमच्या सोसायटीचंही गेट येतं. तिथे यावर खास सभा झाली, कारण गाडीने चढ चढायचा ही कल्पना लोकांना सहन होईना. सेक्रेटरींनी गाड्यांचं खालचं अंग घासण्याचा धोका समजावून सांगितला, इंजिनावर ताण येतो म्हणाले. माझा नवराही स्कूटरवाल्यांच्या रांगेत बसला होता आणि मान डोलावत होता. आमच्या सोसायटीच्या सभासद नसूनही वन्सं येऊन बसल्या होत्या, त्या जागेवरूनच म्हणाल्या, "गाडीला इंजिन आहे. आप्पांना नाही."

मग माझ्या नवऱ्याने हात वर केला आणि काम होऊ द्या म्हणाला. त्याच्यामागून हळूहळू बाकीचे हात वर झाले. सेक्रेटरींनी स्वतःचा हात वर केला नाही, पण खालीही ठेवला नाही, चष्मा पुसत राहिले.

दिवाळीनंतर काम झालं. मोटरसायकली वर येऊ नयेत म्हणून दोन्ही टोकांना लोखंडी खांब बसवले, आणि ते इतके जवळ बसले की वन्संच्या सायकलची टोपलीही त्यातून जाईना. वन्संनी एकदा उतरून, सायकल हाताने ढकलत न्यायचा प्रयत्न केला, टोपलीतली कोथिंबीर खांबाला घासून पडली. ती गोळा करून, सायकल रस्त्यावर घेऊन त्या निघून गेल्या. तक्रार केली नाही. मला वाटलं आता आणखी एक सभा होणार, पण त्यांच्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती. त्या रोज संध्याकाळी आप्पांचा हात धरून त्यांना बागेपर्यंत नेत, आणि काळोख पडायच्या आत परत आणत. आप्पांचा पाय घासत चालायचा, पण कुठे अडत नव्हता.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. संध्याकाळ झाली तशा वन्सं पायात चपला घालू लागल्या. आप्पा म्हणाले, तू राहू दे, मी जातो. वन्संनी चपला पायात तशाच ठेवल्या. आप्पा काठी घेऊन गेले. आम्ही दोघी गॅलरीत उभ्या राहिलो. ते गेटाबाहेर पडले, फुटपाथवर वळले, पहिलं गेट मागे पडलं, दुसरं मागे पडलं. मागे वळून त्यांनी एकदाही बघितलं नाही. बागेपाशी ते झाडाआड गेले तरी वन्सं तिकडेच बघत होत्या.

मी म्हटलं, वन्सं, छान झालं.

"झालं खरं," त्या म्हणाल्या. मग पदराने गॅलरीच्या कठड्यावरची नसलेली धूळ पुसली. "अगं, तुला कुठे चालत जायचंय का? काही आणायचं वगैरे? मी आलेच असते."

आमच्या घरी फ्रिज भरलेला होता. मी म्हटलं, हो, भाजी आणायचीय. आम्ही निघालो. नाक्यावर रस्ता ओलांडायचा होता, वन्संनी माझा हात धरला. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, पण मी धरू दिला. रस्ता ओलांडून झाला, फुटपाथ आला, भाजीवाली आली, तरी त्यांनी तो सोडला नाही, आणि मीही एका हातानेच भेंड्या निवडल्या.