कल्लाप्पानं फ्रीजला विसावा दिला

आमचा कल्लाप्पा निपाणीकडनं बेंगळुरात आला त्याला तीस वर्षं झाली. हेब्बाळला एक छोटी कंपनी आहे, तिथं तो काचेची भांडी धुतो. शाळा तिसरीपर्यंत. पण त्यानं धुतलेलं भांडं उजेडाला धरून बघा, एक डाग सापडायचा नाही! म्हणून तर कंपनीच्या सुप्रीता मॅडमनी बाटल्यांचा फ्रीज त्याच्या ताब्यात दिला. बायकोला, चंद्राबाईला, तो रोज सांगायचा, "शिकलेली माणसं मला विचारून दार उघडतात."

त्या बाटल्यांत काय, तर एन्झाइमं. साखरेपासनं औषधाला लागणारी महाग वस्तू करायची असते. पूर्वी त्यासाठी जिवंत जंतू पाळायचे, त्यांना साखर घालायची, आणि ते मेले निम्मी साखर स्वतःच खाऊन वाढत बसायचे. मॅडमनी काय केलं, जंतूंच्या पोटात राबणारी एन्झाइमं तेवढी बाहेर काढून घेतली, जंतू दिले टाकून. आता चार एन्झाइमं एका टाकीत. पापडाला बायका बसतात ना, एक लाट्या तोडते, दुसरी लाटते, तिसरी उन्हात घालते, तसं. एकाच्या हातनं दुसऱ्याकडं, चौथ्याच्या हातनं माल तयार. चार बाटल्या, चार रंगांची टोपणं. गारव्यात टिकतात, ऊब लागली की गेली.

तर खंडेनवमी आली. इकडं आयुधपूजा म्हणतात. कंपनीत सगळ्यांनी आपापली यंत्रं बंद केली, झेंडू बांधला. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, हे कल्लाप्पाच्या हाडात मुरलेलं. त्यानं फ्रीजला हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि प्लग काढला. "वर्षभर राबतोस बाबा, घे विसावा."

दसरा करून तिसऱ्या दिवशी सकाळी सातला आला, तर फ्रीजखाली पाण्याचं थारोळं. चार दिवसांनी मोठ्या कंपनीचे पाहुणे टाकी बघायला येणार होते. खोलीत चिटपाखरू नाही. पाणी पुसायचं, प्लग लावायचा, कुणाला काय कळतंय? बाटल्या दिसायला होत्या तशाच. आणि सांगितलं तर फ्रीज हातनं जाणार, कदाचित नोकरीबी.

त्यानं प्लग लावला. पाणी मात्र पुसलं नाही. शेजारी स्टूल घेऊन बसून राहिला.

मॅडम आल्या तशा उठला. "मॅडम, फ्रीज मी बंद केला होता. पूजेला. विसावा म्हणून."

"अय्यो, कल्लाप्पाण्णा! फ्रीजला कसला हो विसावा?"

मागनं महांतेश आला. मॅडमच्या हाताखालचा, जिभेचा तिखट. "अण्णा, पुढल्या वर्षी लिफ्टलाबी झोपवा, आम्ही जिना चढतो." मग मॅडमना म्हणाला, "सगळं टाकू या. पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवतो."

मॅडमनी फ्रीज उघडून बाटल्या बघितल्या. मग म्हणाल्या, "थांब. अण्णांनी सांगितलं म्हणून कळलं तरी, कुठं बघायचं ते. नाहीतर टाकी पाहुण्यांसमोर फसली असती. एकेक बाटली तपास."

दिवसभर तपासणी चालली. लाल ठीक, हिरवं ठीक, निळं थोडं सुस्त पण चालेल. पिवळं मेलेलं. मग तेवढं पिवळं नवीन करायला घेतलं. तीन दिवस लागले. कल्लाप्पानं भांडी दोनदा धुतली, कुणी सांगितलं नसताना.

पाहुणे आले. टाकी चालली, संध्याकाळी कागदावर आकडे उतरले, चोख! त्यातला एक टकलू पाहुणा खवचट होता. "ह्यातलं एखादं एन्झाइम मेलं तर? सगळा कारखाना बंद?"

"मागल्या आठवड्यातच मेलं," मॅडम म्हणाल्या. "तेवढंच बदललं."

"आणि मेलं हे कळलं कसं?"

मॅडमनी कल्लाप्पाला पुढं बोलावलं. "हे आमचे कल्लाप्पाण्णा. फ्रीज ह्यांच्या ताब्यात असतो."

कल्लाप्पानं शर्टाला हात पुसले. मोडक्या हिंदीत म्हणाला, "साहेब, मैंनेच बंद किया था, और मैंनेच बोला."

पाहुणा हसला आणि फ्रीजच्या दाराला हात घालायला गेला.

"एक मिनिट," कल्लाप्पा म्हणाला, आणि दार त्यानं स्वतः उघडलं.