उषाबाईचे कान

योगराजने अठरा वर्षं पर्वत पाटियाजवळच्या कारखान्यात कापड विणणारे लूम चालवले आणि त्या अठरा वर्षांत लूमने त्याचे अर्धे कान ठेवून घेतले. चाळिशीला आल्यावर एक जुना कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि स्वतःबद्दलचं बरं मत एवढ्या सामग्रीवर त्याने अहिराणी लग्नगीतांचं मिक्सिंग सुरू केलं. कमी ऐकू येणाऱ्याने हाच धंदा का निवडावा, असं विचारणारे होते. पण ते हळू आवाजात विचारत, त्यामुळे प्रश्न त्याच्यापर्यंत पोचला नाही.

काम मात्र त्याला येत होतं. इलेक्ट्रॉनिक ड्रमला तो ढोलच म्हणायचा. ढोल ऐकू येईना की नवशिके ढोल वाढवतात, मग गाणारी बुडते, मग तिला वाढवतात, आणि शेवटी सगळेच ओरडतात. योगराज ढोलाला हातच लावायचा नाही. तो कीबोर्डचा खालचा, घुमणारा भाग कापायचा.

"भुसावळ पॅसेंजरमा कसं करतस? एकले सरकावा, दुसरा बसस," तो सांगायचा.

घोडं अडायचं ते झांजेपाशी. तो बारीक, धारदार आवाज त्याच्या कानांना लागायचाच नाही. म्हणून लागेपर्यंत तो वाढवायचा.

दोन गायिका एकदा येऊन गेल्या त्या पुन्हा जिना चढल्याच नाहीत. तिसरी सुषमा. ती दिवसा दुकानात साड्यांच्या घड्या घालायची आणि हे तिचं पहिलं गाणं. मोबाईलवर ऐकता ऐकता तिने इयरफोन काढला.

"दादा, ढोल मस्त आहे. पण झांज दातात जाते. रविवारी परत ऐकते. नाहीतर मिक्सिंगला धुळ्याला देईन, वाईट वाटून घेऊ नका."

ती गेल्यावर योगराज म्हणाला, "तिना मोबाईलच हलका व्हई."

दाराशी बसून साडीला टिकल्या चिकटवणारी त्याची बायको उषाबाई म्हणाली, "मोबाईल चांगला शे. महिनाभर मना बी दात आंबी ऱ्हायनात."

"मंग सांगं का नही?"

"तीनदा सांगं."

योगराजने खुर्ची फिरवली आणि बायकोकडे तोंड केलं.

लूमच्या गोंगाटात बोलणं चालत नाही, हात चालतात. दोन बोटांची कात्री म्हणजे धागा तुटला, मूठ बाहेर फिरवली की ताण सैल कर, उभा तळवा म्हणजे थांब. ही भाषा योगराजने कधीच घरी आणली होती. चहासुद्धा तो हातानेच मागायचा. उषाबाईला ती पाठ होती.

त्याने गाणं लावलं. तिने डिंकाने भरलेली मूठ बाहेर फिरवली. त्याने झांज उतरवली. पुन्हा मूठ. पुन्हा उतरवली. आता त्याला झांज मुळीच ऐकू येईना. गाणं लंगडल्यासारखं वाटायला लागलं.

"आते काहीच ऱ्हायनं नही," तो म्हणाला.

मूठ आणखी एकदा फिरली. त्याने डोळे मिटून बटण उतरवलं. उघडले तेव्हा समोर तळवा उभा होता.

रविवारी सुषमाने गाणं दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा तिचा पाय हलत होता.

"आता ढोल एकदम वेगळा उठतो, दादा! काय केलंत?"

पॅसेंजरचं उत्तर तयार होतं आणि ते खोटंही नव्हतं. योगराजने ते तोंडापर्यंत आणलं आणि गिळलं.

"ढोल मना. झांज हिनी करी. मले ती ऐकाले येत नही."

हे तो नेहमीप्रमाणे मोठ्याने बोलला. खालच्या मजल्यावर कुणीतरी टीव्ही बारीक केला.

सुषमाने एकदा त्याच्याकडे, एकदा दाराकडे पाहिलं. "मग पुढचं गाणं कधी आणू, वहिनी?"

उषाबाईने साडीवरून मान वर केली नाही. "सोमवारी नको. मना टिकल्यासना माल देवाना शे."

"मंगळवारी ये," योगराज म्हणाला.